हवामानाच्या वेळी

पेत्रिच आजोबांना हेडफोन लावायचा कंटाळा असे, त्यामुळे वाचनालयातल्या संगणकावर ते जे काही ऐकत ते खालच्या अख्ख्या मजल्याला ऐकावं लागे. बहुतेक वेळा पोल्का नाचाचं संगीत असायचं, नाहीतर हॉकीचे जुने सामने. आयला केत्तुनेन परत आलेली पुस्तकं गाडीवर लावत होती आणि मनात त्या दिवशीचा स्वयंपाक ठरवत होती, तेव्हा मागून टेलिप्रिंटरची टकटक आली आणि तिच्यावर चढणारी तुतारी. तिचा हात पुस्तकावरच थांबला. भूक लागली. दुपारचे दोन वाजले होते, जेवण होऊन तास झाला नव्हता, पण तोंडात तळलेल्या माशाची आणि उकडलेल्या बटाट्याची चव आली, पाय आपोआप अंगाखाली ओढले गेल्यासारखे वाटले, आणि आता गप्प बसायचं आहे हे तिच्या पाठीच्या कण्याला तिच्या आधी समजलं. सहाच्या बातम्या. गावातल्या चॅनलच्या, ती लहान असतानाच्या. गाडी तिथेच सोडून ती पेत्रिच आजोबांकडे गेली, कारण आवाज कमी करायला सांगणं हे तिचं कामच होतं.

"अहो, वरती लहान मुलांची गोष्ट चालली आहे. जरा बारीक करा ना."

"चालू दे की. हीपण गोष्टच आहे. बस, ऐक, हवामानवाला डेल ऑर्बेक! मेला बिचारा केव्हाच, पण उद्या बर्फ पडणार म्हणतोय."

"बारीक करा."

"करतो गं बाई, करतो. आणि तू कशाला ओरडतेस? तुझ्याच म्हाताऱ्याचं आहे हे. खाली बघ, नाव दिलंय."

पडद्यावर हलतं चित्र नव्हतं. नुसता ध्वनी होता, आणि त्याच्यावर बंदरातल्या, बोटींसाठी वर उचलल्या जाणाऱ्या पुलाचा एक जुना फोटो ठेवून दिलेला. फोटोखाली लिहिलं होतं: नोव्हेंबर १९७६, तौनो केत्तुनेन यांच्या संग्रहातून. तिचे बाबा ऑगस्टमध्ये गेले होते. आयला खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ऑर्बेक सांगत होता की वारा ईशान्येचा आहे, तळ्यावर लाटा उंच आहेत, बोटींनी किनाऱ्याच्या आडोशाने जावं. त्याचा आवाज भरदार होता, जवळचा होता, काल ध्वनिमुद्रित केल्यासारखा. त्याच्या मागे काहीच नव्हतं. शेगडीवरच्या भांड्याचा आवाज नव्हता, खुर्चीची करकर नव्हती, आणि जिथे तिच्या आईने बोलायला हवं होतं तिथे धुऊन पुसून ठेवलेल्या फरशीसारखी शांतता होती.

"किती स्वच्छ आहे नाही?" पेत्रिच आजोबा म्हणाले. "आमच्या टीव्हीवर तेव्हासुद्धा इतकं स्वच्छ येत नव्हतं."

वसंतात समुद्राएवढ्या त्या तळ्यावरचं बर्फ फुटलं की बाबा मालवाहू बोटीवर कामाला जात आणि पुन्हा पाणी गोठायला लागेपर्यंत परत येत नसत. खनिज भरायला बोट गावच्याच डुलुथ बंदराला लागली तर एखादी रात्र घरी, तीही झोपण्यात. बाकीचे महिने घरात आई आणि आयला. फोन महाग, पत्र लिहिण्याची दोघांनाही सवय नव्हती, आणि मनातलं तोंडाने बोलून दाखवणं हे त्यांच्या फिनिश माणसांत आजारी असल्याचं लक्षण समजलं जाई. म्हणून आई, लेम्पी, नवऱ्यासाठी कॅसेटवर बातम्या भरून ठेवायची. टीव्हीसमोर दूध काढायच्या जुन्या तिपाईवर कॅसेट रेकॉर्डर, टीव्हीच्या तोंडाशी मायक्रोफोन, आणि सहाच्या ठोक्याला बटण. कोणाची गोदी बंद पडली, कुठल्या शाळेने हॉकीत कोणाला हरवलं, पुलावर कोणाची गाडी घसरली, हे सगळं एका पुड्यात घालून ती पाठवी आणि डेट्रॉइटजवळ टपालाची होडी चालत्या बोटीला चिकटून दोरीने तो पुडा वर चढवी. गावातली आणखीही काही घरं असं करत. बातम्या चालू असताना लेम्पी एक अक्षर बोलत नसे, आयलाने शिंक आली तर उशीत द्यायची असा नियम होता. पण डेल ऑर्बेक नकाशासमोर उभा राहिला की नियम संपायचा. तळ्यावरच्या माणसाला हवामान काय सांगायचं, तो त्याच्यातच उभा असतो, असं आई म्हणायची. तेवढा वेळ कॅसेटवर रिकामा होता. त्या वेळात ती बोलायची.

आयलाला ती म्हणे, "जा, ताटल्या मांड." आयला स्वयंपाकघरात जायची आणि ताटल्या मांडायची. भिंतीपलीकडून ऑर्बेकचा भरदार आवाज यायचा आणि त्याच्या खाली, गालिच्याखाली वारा शिरावा तसा, आईचा. फिनिशमधून. शब्द कळत नसत. फिनिश आयलाला जेवणापुरती आणि प्रार्थनेपुरतीच यायची. कधी त्यात तिचं नाव वर यायचं आणि पुन्हा बुडायचं. आई काही टीव्हीकडे पाठ फिरवून बोलत नसे. एकदा आयलाने दारातून पाहिलं होतं, हातात विणकाम, डोळे नकाशावर, जणू ऑर्बेकलाच उत्तर देते आहे. चेहरा नेहमीचा. त्या चेहऱ्यातून इतकं बोलणं येतं याचंच आयलाला नवल वाटलं आणि चोरी पकडल्यासारखी ती मागे सरली. नंतर तिने पुष्कळ पुस्तकं वाचली, त्यांत माणसं एकमेकांना पानंच्या पानं सगळं सांगत, आणि वाचताना दर वेळी तिला वाटे की हे खरं नाही, खरं बोलणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजाखाली केलेलं.

आई गेली तेव्हा आयला नऊ वर्षांची होती. चेहऱ्याचे फोटो राहिले, हाताने विणलेले मोजे राहिले, सुवासही काही दिवस कपाटात राहिला. आवाज कधी गेला ते कळलं नाही. एक दिवस अंघोळ करताना तिने आईला मनात बोलवून पाहिलं आणि आईचे ओठ हलले, पण ऐकू काही आलं नाही, टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. त्या वेळी ती कॉलेजात होती. ती घाबरली नाही, कारण कॅसेटी होत्या. थंडीत बोट बांधली गेली की बाबा तळघरात बसत, कानाला हेडफोन, गुडघ्यावर घोंगडी. ती पायरीवरून कॉफी विचारी, ते हात वर करून नको म्हणत. ते काय ऐकतात हे तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आहेत, तळघरात आहेत, बाबांच्या नंतर ऐकू. फिनिश शिकून घेऊ आणि ऐकू. मनात इतकं पक्कं धरून ठेवलेलं दुसरं काही तिच्याकडे नव्हतं. मग बाबा गेले, तिने घर रिकामं केलं, तळघराच्या फळ्या एकेक करून पुसल्या, आणि कॅसेटी नव्हत्या. मागे एकदा पाणी शिरलं होतं, त्यात गेल्या असतील असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते तिला बऱ्यापैकी पटलंही होतं.

म्हणून त्या दुपारी खुर्चीची पाठ धरून उभं असताना पहिल्यांदा जे उसळलं ते दुःख नव्हतं. कॅसेटी आहेत. कोणीतरी त्या ऐकल्या आहेत, म्हणजे आहेत. घरी येऊन तिने कोट न काढता फोनवर एकेक लावून पाहिली. पुष्कळ होत्या. गोदीचा संप, धुकं, मेयरची निवडणूक, आणि शेवटी दर वेळी ऑर्बेक, एकटा. खाली लोकांनी लिहिलं होतं. कोणी परगावी गेलेला रडला होता, कोणाच्या आईला ऑर्बेक आवडायचा. एकाने लिहिलं होतं, घरगुती कॅसेटवरून इतकं निर्मळ काम मी पाहिलेलं नाही, हात जोडतो. हे लोक एकमेकांना ओळखत होते असं दिसत होतं. कोणाकडे कोणत्या सालातलं एक हिमवादळ आहे, कोणाच्या माळ्यावर काय सापडलं, याची त्यांची देवाणघेवाण चाले, शिळ्या बातम्यांसाठी एकमेकांचे आभार मानणं चाले. इंटरनेटवरचा तो चॅनल चालवणाऱ्याचं नाव व्हर्लिन स्कोगस्टा होतं. पूल ओलांडला की पलीकडच्या गावात तो राहत होता. तिने कळवलं, त्याने लगेच लिहिलं, शनिवारी या, तुमचे बाबा फार मोठा माणूस.

स्कोगस्टाच्या तळघरात हवा कोरडी ठेवणारं यंत्र गुणगुणत होतं. टेपा, कॅसेटी, चपट्या डब्यांतली चित्रफीत, सगळं नीट उभं लावलेलं. तो साठीचा, लोकरीच्या स्वेटरवर चुरा सांडलेला, हसतमुख माणूस होता. त्याची बायको आर्डिस वरून बदामाच्या वड्या आणि कॉफी ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "त्याला थांबवायचं असेल तर सरळ उठून उभी राहा. दुसरा उपाय नाही."

"तिचं ऐकू नकोस," स्कोगस्टा म्हणाला. "बस. अगं, टीव्ही स्टेशनवाल्यांनी स्वतःच्या टेपा केव्हाच पुसून वापरल्या. तेव्हाचं या गावाचं काही उरलं नव्हतं. तुझे बाबा पिशवी घेऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा लग्नाच्या कॅसेटी घेऊन आलाय. बरेच येतात तसे. लावली, आणि ऑर्बेक! मी उडालोच."

"त्यांच्यावर आणखी आवाज होते," आयला म्हणाली.

"हो, घर होतं ना. आम्ही त्याला घर म्हणतो. खोलीतलं सगळं, भांडी, कुत्री, बायकांचं बोलणं. या कॅसेटींना घर फार होतं. पूर्वी काही करता यायचं नाही, आता नवा प्रोग्रॅम निघालाय, त्याला एक आवाज दाखवून द्यायचा, हा ठेव, की बाकीचं तो आपणहून काढतो. तरी महिने गेले. आणि घर काढायचंच असतं बघ. लोकांच्या घरातलं जगाला कशाला ऐकवायचं? आमच्यात तो नियमच आहे. सभ्यपणा म्हणून."

"मूळ प्रत असेल ना तुमच्याकडे. घरासकट." ती कॉफीच्या कपाशी बोलल्यासारखी बोलली.

स्कोगस्टाने वडी खाली ठेवली. स्वेटरवरचा चुरा झटकला, मग जमिनीवर पडलेला उचलायला वाकला आणि वाकूनच राहिला. "मी नेहमी ठेवतो," तो म्हणाला. "कधीच टाकत नाही. आर्डिसला विचार, आमची भांडणं त्याच्यावरून. पण तुझ्या बाबांनी... मला वाटलं तुला माहीत असेल. तू कळवलंस तेव्हा वाटलं, आभार मानायला येतेय."

मग त्याने सांगितलं. बाबा वसंतभर येत राहिले. पुलावरून बसने, पिशवी मांडीवर. प्रत्येक कॅसेट चालताना समोर बसून ऐकत, पहिल्यापासून. हवामान आलं की म्हणत, स्कोगस्टा, जरा कॉफीचं बघ. "मी जायचो वर. मला कॉफी बंद केलीय डॉक्टरांनी, तरी जायचो. जिन्यात उभा राहायचो." सगळ्या झाल्यावर बाबांनी त्याला मूळ प्रती पुसायला सांगितल्या. तो नको म्हणाला. बाबा उठले नाहीत. बसून राहिले, इथेच, त्याच खुर्चीत, अंधार पडायला आला तरी. शेवटी त्याने पुसल्या, बाबांच्या डोळ्यांसमोर. "म्हणाले, बातम्या गावाच्या आहेत, त्या गावाला दे. बाकीचं माझं आहे. मी म्हटलं, तौनो, तुझी मुलगी आहे ना? तर म्हणाले, तिला नव्हतं सांगितलेलं ते."

यंत्र गुणगुणत होतं. आयलाला वाटलं की आपण काहीतरी विचारायला हवं, माणसं अशा वेळी काहीतरी विचारतात.

"आवाज कसा होता तिचा?"

"चांगला होता."

"म्हणजे जाड की बारीक? भरभर बोलायची का थांबून?"

"अगं," तो कळवळून म्हणाला, "मी ऑर्बेककडे लक्ष ठेवून होतो. आणि फिनिश मला काय कळणार, आम्ही नॉर्वेचे."

"आणि कॅसेटी?"

"घेऊन गेले ना. त्याच पिशवीतून."

घरात पिशवी नव्हती. हे ती म्हणणार होती आणि तोंड उघडायच्या आत तिच्या नाकात वास आला, आंबट, गोडसर, गळ्याशी चिकटणारा. गेला जून महिना. तळ्याकाठच्या खोपटातली साउना, तापल्या दगडांवरचं वाफेचं स्नान, शनिवार. रीतीप्रमाणे बाबा आधी आत जाऊन आले होते आणि लालबुंद होऊन पायरीवर बसले होते, अंगातून वाफा निघत होत्या. आपली पाळी म्हणून ती टॉवेल घेऊन गेली तर दारातच वास. "बाबा, चुलीत काय घातलंय तुम्ही?" "जुनी दोरी होती." "प्लास्टिकची? छाती भरेल ना!" "धूर गेला आता. बस जा, दगड चांगले तापलेत." आणि खरंच चांगले तापले होते. वरच्या फळीवर बसून तिने डाव डाव पाणी ओतलं होतं, दगड फुसफुसले होते, आणि वाफ पाठीवरून, मानेवरून, केसांच्या मुळांपर्यंत चढली होती, आणि तिला आठवतं, फार बरं वाटलं होतं, कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. बाहेरून बाबांनी विचारलं होतं, "पुरे का गं ऊब?" ती म्हणाली होती, आणखी एक लाकूड असतं तर.

ती रागवायला आली होती आणि रागवायला कोणी नव्हतं. समोरचा माणूस भला होता. आणि बाबा, तिने त्यांच्यावर राग धरून पाहिला, परतताना पुलावर, बसच्या खिडकीशी, पण तो धरवेना. हातात ओल्या साबणासारखा होत होता. ते बोलणं एका माणसाने एका माणसाशी केलेलं होतं. ज्याच्याशी केलं त्याने ते आयुष्यभर ऐकलं, ऐकून संपवलं आणि निघताना दिवा मालवतात तसं मालवलं. यात चूक काढायची म्हटलं तर एवढीच, की त्या खोलीत तिसरं कोणी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ती भिंतीपलीकडे ताटल्या मांडत होती. तिला तिथे पाठवलेलंच होतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपली आई हरवली आहे, आणि हरवलेली होती एका माणसाची बायको. आईचं जे होतं ते, ताटल्या मांड, शिंक उशीत दे, ते कोणी कधी भरून ठेवलंच नव्हतं. खाली तळं शिशासारखं पडलं होतं. एक बोट येत होती, तिने भोंगा दिला, बंदरातल्या उचलायच्या पुलावरून उलटा भोंगा आला. बसमधल्या कोणीही मान वर केली नाही.

निरोप घेताना स्कोगस्टाने जिन्यापाशी तिला थांबवलं होतं. आपल्या कामातला दोष कबूल करावा तसा ओशाळून तो म्हणाला, "तसं अगदी शंभर टक्के निघत नाही बरं का. दोन आवाज एकावर एक असले की एक काढताना दुसऱ्याचं थोडं सालपट जातं. मधे मधे ऑर्बेक पाण्यातून बोलल्यासारखा होतो बघ. लोकांना कळत नाही, मला कळतं. तिथे तिथे ती बोलत असणार." आणि मग लगेच, "काढून टाकू का सगळं? तू म्हणशील तर आज काढतो."

"राहू द्या," ती म्हणाली होती. "गावाचं आहे."

तेव्हापासून ती ते ऐकते. कामावरून आली की कोट काढायच्या आधी. बातम्या सोडून देते, टकटक आणि तुतारी सोडून देते, नकाशापाशी येते. पहिले काही दिवस काही कळलं नाही, मग कान बसला. ऑर्बेक म्हणतो, उत्तरेकडून थंडीची लाट, आणि 'थंडीची' या शब्दावर त्याचा आवाज पातळ होतो, काचेपलीकडे जातो, आणि 'लाट'वर परत येतो. तेवढी आई. कुठे अख्खं वाक्य बुडतं, सगळा दक्षिण किनारा, सगळं उद्याचं तापमान. तिथे ती खूप काही सांगत असणार. कुठे नुसता एक पोकळ ठिपका, दोन अक्षरांएवढा. तो तिचं नाव असेल. खोकलाही असेल. आयला मागे नेते, पुन्हा ऐकते, पातळ होणाऱ्या जागांच्या लांबीवरून आईची वाक्यं मापून पाहते, त्यांत फिनिश प्रार्थनेतले शब्द घालून पाहते, मग बाजारहाटातले, मग असे, जे त्यांच्या घरात कोणी कधी उच्चारले नसते. सगळेच बसतात. एकाही शब्दाला ती जागा नाही म्हणत नाही. वाचनालयात पेत्रिच आजोबा तिला हाक मारतात, "ये गं, तुझ्या म्हाताऱ्याचं नवीन आलंय," आणि ती जाऊन उभी राहते, आवाज बारीक करा असं आता सांगत नाही. कुठलं हवामान कुठल्या दिवसाचं ते तिला पाठ झालं आहे. ऑर्बेक कुठे श्वास घेतो, कुठे हसू आवरतो, पूर्वेला 'पूर्व' म्हणताना ओठ कसे मिटत असतील, सगळं. जानेवारीत तळं गोठलं, बोटी बांधल्या गेल्या.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात एकटी बसली होती. फोन बंद होता. बाहेर बर्फ पडत होतं, त्यामुळे रस्त्याचाही आवाज नव्हता. ती फार सावकाश, बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं तसं, आईकडे गेली. हातात विणकाम, चेहरा नेहमीचा. गोष्टी नकोत, बाबांना सांगितलेलं काही नको, आयला म्हणाली, फक्त मला हाक मार. तू मारायचीस तशी, जेवायला. आईने विणकाम खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, आणि या वेळी आवाज आला, स्पष्ट, अगदी जवळून, काल ध्वनिमुद्रित केल्यासारखा. आयला, तो म्हणाला, भरदार, पुरुषी, शब्दाच्या शेवटी थोडं हसू आवरून, आणि तिने घाईने डोळे उघडले, पण तोपर्यंत डेल ऑर्बेक तिला जेवायला बोलावून गेला होता.